स्टुडिओत शेवटचा शब्द कुणाचा? विली नेल्सन, नॅशव्हिल आणि कंट्री गायक-गीतकाराचं स्वातंत्र्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या कंट्री संगीतात स्वतः लिहिणारे, स्वतः चाल लावणारे आणि स्वतः गाणारे कलाकार पहिल्यापासून आहेत. पण त्यांच्या रेकॉर्डवर कोण वाजवणार, कुठल्या खोलीत, किती वेळात आणि कुणाच्या पसंतीने, हे बरीच वर्षं कंपनी ठरवत होती. ते चित्र १९७० च्या दशकात बदललं. खालची उत्तरं मुख्यतः टेक्सासचा कंट्री गायक-गीतकार विली नेल्सन याच्या कारकिर्दीला धरून आहेत, कारण या वाटेवरचा जवळपास प्रत्येक टप्पा त्याच्या वाट्याला आला.

गाणं विकलं म्हणजे नेमकं काय विकलं?

एका रेकॉर्डमध्ये दोन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल मिळून होतं ते गाणं. त्याचे हक्क गीतकाराकडे आणि त्याच्या प्रकाशकाकडे असतात. दुसरी मालमत्ता म्हणजे ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर. ते बहुतेकदा रेकॉर्ड कंपनीचं असतं. निम्मे गोंधळ या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होतात.

१९५० च्या दशकाच्या शेवटी टेक्सासमध्ये पैशांची चणचण असताना नेल्सनने 'फॅमिली बायबल' हे गाणं ५० डॉलरला आणि 'नाइट लाइफ' १५० डॉलरला विकून टाकलं. दोन्ही गाणी पुढे नावारूपाला आली. १९६१ मध्ये 'हॅलो वॉल्स' हे गाणंही त्याने गायक फॅरन यंगला ५०० डॉलरला देऊ केलं. यंगने ते विकत घेतलं नाही. उलट ५०० डॉलर उसने दिले आणि गाण्याचे हक्क नेल्सनकडेच राहू दिले. यंगच्या आवाजात ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

हिशेब असा होता. १९०९ ते १९७७ या काळात अमेरिकेत कायद्याने ठरलेला दर होता प्रत्येक गाण्यामागे, विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीला २ सेंट. नेहमीच्या वाटणीत प्रकाशकाला १ आणि गीतकाराला १. म्हणजे १ लाख प्रतींवर गीतकाराच्या हातात १,००० डॉलर. रेडिओवर वाजण्याचे पैसे वेगळे, आणि तेही गीतकाराला व प्रकाशकाला. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर गायकाला आजही काही मिळत नाही. गायकाने स्वतः लिहावं, असं कंट्रीतली जुनी मंडळी पुन्हा पुन्हा सांगतात त्याचं एक रोकडं कारण हे आहे.

नॅशव्हिलमध्ये रेकॉर्डिंग चालायचं तरी कसं?

टेनेसी राज्यातलं हे शहर म्हणजे कंट्रीच्या रेकॉर्डिंगचं केंद्र. तिथे काम चालायचं तीन-तीन तासांच्या पाळ्यांत. वादकांच्या युनियनच्या नियमाप्रमाणे एक सेशन तीन तासांचं, आणि त्यात जास्तीत जास्त १५ मिनिटांचं पक्कं संगीत. गाणी अडीच-तीन मिनिटांची, आणि एका बैठकीत साधारण तीन ते चार व्हायची. सकाळी १० ते १, दुपारी २ ते ५, संध्याकाळी ६ ते ९, रात्री १० ते १ अशा चार पाळ्या, आणि व्यग्र वादक दिवसात त्यातल्या तीन-चार वाजवायचे.

वादक ठरलेले असत. ग्रेडी मार्टिन आणि हँक गार्लंड गिटारवर, फ्लॉइड क्रेमर पियानोवर, बॉब मूर बासवर, बडी हार्मन ड्रमवर, मागे अनिता केर किंवा जॉर्डनेअर्स यांचा कोरस. खोल्याही ठरलेल्या: ओवेन आणि हॅरल्ड ब्रॅडली या भावांचा अर्धगोल पत्र्याच्या लष्करी शेडमधला स्टुडिओ, आणि आरसीए या रेकॉर्ड कंपनीचा १९५७ चा स्टुडिओ बी. कंपनीचा प्रोड्यूसर गाणी निवडायचा, माणसं बोलवायचा आणि टेक, म्हणजे गाण्याचं एकेक सलग मुद्रण, पसंत करायचा. गायक आपल्या वेळेला येऊन गाऊन जायचा. तार-वाद्यांचा ताफा बऱ्याचदा नंतर चढवला जाई, गायक गावाला दौऱ्यावर असताना.

लिहिलेल्या नोटेशनशिवाय इतक्या वेगाने कसं जमायचं?

आकड्यांच्या पद्धतीने. जॉर्डनेअर्समधल्या नील मॅथ्यूजने कोरससाठी ती वापरात आणली आणि चार्ली मॅकॉयसारख्या वादकांनी ती सगळ्या वाद्यांसाठी रुळवली. स्वराचं नाव लिहायचं नाही, सप्तकातला क्रमांक लिहायचा. जी पट्टीत १ म्हणजे जी, ४ म्हणजे सी, ५ म्हणजे डी. गायकाला जड जातंय म्हणून पट्टी ए केली तरी कागद तोच. १ आता ए, ४ डी, ५ ई. आपल्याकडे गायक 'काळी दोनमध्ये घ्या' म्हणतो तेव्हा पेटीवाला सा हलवतो आणि सरगम तीच राहते. तत्त्व तेच आहे. गाणं एकदा ऐकायचं, पाच मिनिटांत तक्ता लिहायचा, दोनदा वाजवून बघायचं आणि टेक.

मग ही पद्धत वाईट होती का?

अजिबात नाही. नेल्सनचंच 'क्रेझी' १९६१ मध्ये पॅट्सी क्लाइनने ओवेन ब्रॅडलीच्या हाताखाली याच वादकांबरोबर गायलं. मोटार अपघातात बरगड्यांना मार बसल्यामुळे त्या दिवशी तिला वरचे स्वर झेपेनात. ब्रॅडलीने वाद्यं मुद्रित करून ठेवली, आणि काही दिवसांनी ती परत आली तेव्हा आवाज त्यावर घेतला. प्रोड्यूसर जाणता असेल तर ही यंत्रणा वाकत होती. आमच्या मते ते कंट्रीतल्या सर्वांत सुंदर मुद्रणांपैकी एक आहे.

अडचण तेव्हा येते जेव्हा गाणाऱ्याचा आवाज त्या साच्याचा नसतो.

नेल्सनचा आवाज साच्यात का बसेना?

तो लयीला चिकटून गात नाही. ठेका पुढे जातो, हा ओळ मागून सोडतो, मधले शब्द बोलल्यासारखे टाकतो आणि समेच्या आसपास कुठेतरी गाठतो. दर वेळी वेगळ्या ठिकाणी. असं गाणं चालायला समोरचा वादक गायकाकडे कान लावून बसलेला लागतो, आणि दोघांमध्ये मोकळी जागा लागते. आरसीएमध्ये १९६० च्या दशकाच्या मध्यापासून १९७२ पर्यंत त्याच्या अनेक रेकॉर्डवर तार-वाद्यं आणि कोरस चढवले गेले. कोरस ठरलेल्या मात्रेवर येतो, गायक नंतर येतो. ऐकणाऱ्याला गायक चुकल्यासारखा वाटतो. दोष कुणा एकाचा नव्हता. आरसीएचा प्रोड्यूसर चेट ॲटकिन्स स्वतः अव्वल गिटारवादक होता आणि त्याला नेल्सनच्या गाण्यांची किंमत कळत होती. फक्त काम करण्याची रीत आणि ही गायकी यांचा मेळ बसत नव्हता.

वेलन जेनिंग्जने आधी वाट काढली म्हणतात, ती कशी?

१९७२ मध्ये. जेनिंग्ज हाही आरसीएचाच कंट्री गायक. कंपनीशी त्याचा करार संपत आला होता, आणि न्यूयॉर्कचा नील रेशेन हा व्यवस्थापक त्याच्या वतीने बोलणीला बसला. जॅझ संगीतकार माइल्स डेव्हिसचं कामही हाच माणूस बघायचा. निष्पन्न झालं ते असं: ७५,००० डॉलर आगाऊ आणि स्वतःच्या रेकॉर्डवर कलात्मक ताबा. गाणी स्वतःची निवड, दौऱ्यावरचा स्वतःचा बँड, आणि प्रोड्यूसर म्हणून स्वतःचा शब्द. १९७३ चा 'हाँकी टाँक हीरोज' हा त्याचा पहिला ठळक परिणाम. त्यातली एक सोडून सगळी गाणी तेव्हा फारशा कुणाला माहीत नसलेल्या बिली जो शेव्हरची आहेत. कंपनीच्या निवडीत हे झालं नसतं.

पुढची पायरी खोलीची होती. आरसीएच्या कलाकारांनी आरसीएच्याच स्टुडिओत, कंपनीच्याच इंजिनिअरांबरोबर काम करायचं असा दंडक होता. जेनिंग्ज टॉमपॉल ग्लेझर या गायकाच्या खासगी स्टुडिओत गेला. तिथे घड्याळ बघून उठवणारं कुणी नव्हतं.

नेल्सन टेक्सासला परतला त्याने संगीत बदललं का?

संगीतापेक्षा समोरची माणसं बदलली. डिसेंबर १९७० मध्ये नॅशव्हिलजवळचं त्याचं घर जळालं, १९७२ मध्ये तो ऑस्टिनला स्थिरावला. तिथल्या आर्मडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्ससारख्या सभागृहात शेतकरी आणि लांब केसांची कॉलेजची पोरं शेजारी-शेजारी बसून ऐकायची. आपलं आहे तसं गाणं लोक ऐकतात हा पुरावा हातात आला, आणि वाटाघाटीत असा पुरावाच चालतो.

मधली दोन वर्षं ॲटलांटिक कंपनीकडे गेली. न्यूयॉर्क आणि अलाबामातलं मसल शोल्स इथे त्याला मोकळेपणी दोन अल्बम करता आले, पण १९७४ मध्ये ॲटलांटिकने नॅशव्हिलचा कंट्री विभागच बंद केला. स्वातंत्र्य देणारी कंपनी टिकेलच याची खात्री नसते, हेही यातून दिसतं.

'रेड हेडेड स्ट्रेंजर' हा अल्बम कसा मुद्रित झाला?

कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीबरोबरच्या नव्या करारात पूर्ण कलात्मक ताबा नेल्सनकडे होता. जानेवारी १९७५ मध्ये त्याने डॅलसजवळच्या गार्लंड गावातला ऑटम साउंड हा लहानसा स्टुडिओ भाड्याने घेतला. इंजिनिअर फिल यॉर्क. वादक सगळे रोजचे: बहीण बॉबी पियानोवर, पॉल इंग्लिश ड्रमवर, बी स्पीअर्स बासवर, जोडी पेन गिटारवर, मिकी राफेल हार्मोनिकावर. अल्बमची गोष्ट एक: बायकोच्या विश्वासघाताने खुनी झालेला, घोड्यावरून भटकणारा धर्मोपदेशक. शीर्षकगीत जुनं, दुसऱ्यांनी लिहिलेलं; नेल्सन ते रेडिओवर निवेदक असताना वाजवायचा. त्याच्या अवतीभोवती त्याने स्वतःची आणि इतरांची गाणी ओवली.

काम काही दिवसांत उरकलं, आणि खर्च सुमारे ४,००० डॉलर झाला. काही जागी फक्त आवाज आणि गिटार आहे. ड्रम येतात तेही हळूच. कोलंबियातल्या लोकांना ऐकल्यावर हा कच्चा डेमो वाटला. १९७५ च्या रेडिओच्या मानाने त्यात बरंच काही 'नव्हतं'. पण करार बोलत होता, आणि अल्बम आहे तसा निघाला. त्यातलं फ्रेड रोजचं जुनं गाणं 'ब्लू आइज क्राइंग इन द रेन' हे गायक म्हणून नेल्सनचं पहिलं अव्वल क्रमांकाचं गाणं ठरलं. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता.

पुढच्याच वर्षी आरसीएने जेनिंग्ज, नेल्सन, जेसी कोल्टर आणि ग्लेझर यांची मुद्रणं एकत्र करून 'वाँटेड! द आउटलॉज' काढला. प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळालेला तो पहिला कंट्री अल्बम.

करारातलं नेमकं कुठलं कलम हे घडवतं?

दोन शब्दांचा फरक बघा. अनेक करारांत लिहिलेलं असतं की कलाकाराने 'तांत्रिक आणि व्यावसायिक दृष्ट्या समाधानकारक' मास्टर द्यावं. 'व्यावसायिक दृष्ट्या' हा शब्द असला की कंपनी आवडलं नाही म्हणून परत पाठवू शकते, आणि प्रत्येक परत पाठवणीचा खर्च कलाकाराच्या खात्यावर चढतो. फक्त 'तांत्रिक दृष्ट्या समाधानकारक' असेल तर नाकारायला आवाज फाटलाय, टेप खराब आहे असं काही दाखवावं लागतं. 'मला यात व्हायोलिन हवं होतं' हे कारण चालत नाही.

करार वाचताना ताबा कुठे कुठे शोधायचा?

या क्रमाने वाचा, आणि प्रत्येक ठिकाणी 'संमती' आहे की नुसता 'सल्ला' ते बघा. सल्ला म्हणजे ते विचारतील आणि मग हवं ते करतील.

१. गाण्यांची निवड आणि संख्या.
२. प्रोड्यूसर, स्टुडिओ, इंजिनिअर, वादक: चारही वेगवेगळे लिहिलेले हवेत. 'निर्मितीविषयक बाबी' असा मोघम शब्द वादात टिकत नाही.
३. मिक्सिंग (वाद्यं आणि आवाज यांचं प्रमाण जुळवणं), गाण्यांचा क्रम आणि मास्टरिंग (छापण्याजोगी शेवटची प्रत तयार करणं). बहुतेक जण मुद्रणाची अट मिळवतात आणि इथे हरतात. तुमचं तीन वाद्यांचं मुद्रण मिक्सिंगमध्ये कुणीही जड करू शकतं.
४. नंतर काही चढवण्याची मनाई. एक ओळ पुरते: लेखी संमतीशिवाय वाद्य, आवाज वा संपादन नाही.
५. पुन्हा मुद्रण करण्यावरची बंदी किती वर्षं. नेहमीचा मसुदा: मुद्रणापासून ५ वर्षं किंवा करार संपल्यापासून २ वर्षं, यातलं जे उशिरा येईल ते.
६. स्वतः लिहिलेल्या गाण्यांचा दर. कंपन्या कायदेशीर दराच्या ७५ टक्केच देण्याचं कलम घालतात. गायक-गीतकाराचं सगळ्यांत मोठं नुकसान इथे होतं, आणि ते कलम बहुधा शेवटच्या पानांत असतं.

६०,००० डॉलर आगाऊ आणि ४,००० खर्च, म्हणजे ५६,००० खिशात?

'रेड हेडेड स्ट्रेंजर'साठी नेल्सनला आगाऊ रक्कम साधारण तेवढीच होती, म्हणून हा प्रश्न नेहमी येतो. खर्चून उरलं ते हातात राहतं, हे खरं. पण आगाऊ रक्कम म्हणजे पुढच्या रॉयल्टीतून वळती होणारी उचल. समजण्यापुरतं उदाहरण घ्या: किंमत ६ डॉलर, रॉयल्टी ८ टक्के, म्हणजे प्रतीमागे ४८ सेंट. ६०,००० फिटायला १,२५,००० प्रती खपाव्या लागतील. मुद्रणाचा खर्च ४,००० झाला की ६०,००० झाला याने फिटण्याची तारीख बदलत नाही. तोपर्यंत घर कशावर चालणार ते बदलतं. स्वस्तात मुद्रण करणाऱ्याला 'नाही' म्हणायची ताकद येते ती अशी. गीतकार म्हणून मिळणारे पैसे मात्र या उचलीत वळते होऊ नयेत, हे करारात स्वतंत्र लिहून घ्या.

कमी वाद्यांत, एकाच खोलीत मुद्रण करताना काय बिघडतं?

पहिली गोष्ट, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरणं. तीनास एक हा नियम पाळा: तोंडापासून माइक ६ इंचांवर असेल तर शेजारचा माइक त्यापासून किमान १८ इंच दूर. ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश वापरा. नायलॉन तारांची गिटार मुळातच हळू वाजते, म्हणून तिचा माइक बाराव्या पडद्याच्या समोर ६ ते १२ इंचांवर ठेवा. मधल्या भोकासमोर ठेवलात तर खर्जाचा घुमारा गायकाच्या आवाजावर बसतो.

दुसरी गोष्ट लयीची. क्लिक, म्हणजे कानात ठेका देणारी टिकटिक, न लावता गाताना वेग सरकतो, आणि तो सरकणं हीच अशा गाण्याची जान आहे. पण मग पहिल्या टेकचा मुखडा आणि तिसऱ्या टेकचा अंतरा जोडता येत नाही. उपाय एकच: माइक न हलवता, सलग बसून तीन-चार अख्खे टेक घ्यायचे आणि एक अख्खा निवडायचा. एकाच्या माइकमध्ये सगळे आहेत म्हणून एकट्या गायकाची चूक नंतर दुरुस्त करता येत नाही, हे आधीच मान्य करून बसा.

तिसरी, तारा. नव्या नायलॉन तारा दोन दिवस उतरत राहतात. मुद्रणाच्या सकाळी बदलल्यात तर प्रत्येक टेकनंतर सूर लावण्यात अर्धा दिवस जाईल.

आणि रिकाम्या खोलीची ३० सेकंदं मुद्रित करून ठेवा. दोन ओळींमधली शांतता जोडायला ती लागते. पूर्ण मुकी शांतता कानाला खड्ड्यासारखी लागते.

त्याची ती भोक पडलेली गिटार?

मार्टिन एन-२०, १९६९ मध्ये घेतलेली, नाव ट्रिगर. आधीच्या मोडलेल्या गिटारमधला बाल्डविन कंपनीचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज विजेच्या संदेशात बदलणारा भाग, तिच्यात बसवलेला आहे. नायलॉन तारांच्या गिटारला बोटांनी छेडतात म्हणून नखीपासून वाचवणारी पट्टी नसते. हा मात्र नखीने वाजवतो, म्हणून लाकूड झिजून आरपार गेलं.

ताबा म्हणजे प्रोड्यूसर नकोच, असं का?

नाही. १९७८ चा 'स्टारडस्ट' घ्या. जुन्या लोकप्रिय गाण्यांचा अल्बम, कंपनी साशंक, आणि प्रोड्यूसर होता मेम्फिसच्या सोल संगीतातला बुकर टी. जोन्स. त्याला नेल्सनने स्वतः निवडलं. सगळा फरक तिथे आहे. तो अल्बम कंट्रीच्या यादीत जवळपास दहा वर्षं राहिला.

मुद्रणावर ताबा मिळाला, मग मालकीची काय गरज?

ताबा करारापुरता असतो, मालकी नंतरही उरते. डॉली पार्टनने १९७४ मध्ये 'आय विल ऑलवेज लव्ह यू' काढलं. एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं, पण त्याचा व्यवस्थापक कर्नल पार्कर याने प्रकाशनाचा निम्मा हिस्सा मागितला. डॉलीने नकार दिला, आणि एल्व्हिसने ते गायलं नाही. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजात ते जगभर गेलं तेव्हा सगळा हिस्सा डॉलीकडे होता.

उलट बाजूने टेलर स्विफ्ट. नॅशव्हिलमध्ये कंट्री गायिका म्हणून सुरुवात. पहिल्या सहा अल्बमांची मास्टर्स कंपनीची, ती २०१९ मध्ये विकली गेली. गाणी तिने लिहिलेली असल्यामुळे बंदीची मुदत संपताच, २०२१ पासून, ती पुन्हा मुद्रित करता आली. जुनी मास्टर्स तिने मे २०२५ मध्ये विकत घेतली. गीतकार नसती तर हा रस्ताच बंद होता.

अमेरिकेच्या कायद्यात आणखी एक खिडकी आहे. १ जानेवारी १९७८ नंतर लेखकाने दिलेले हक्क ३५ वर्षांनी परत मागता येतात. नोटीस किमान २ आणि कमाल १० वर्षं आधी द्यावी लागते. 'नोकरीत केलेलं काम' असा शेरा करारात असेल तर कंपनी याला हरकत घेते, म्हणून तो शब्द दिसला की थांबा.

मराठीत लिहिणाऱ्या-गाणाऱ्याला यातलं काय लागू पडतं?

कायदा वेगळा आहे, आणि एका बाबतीत उजवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतात गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा सोडून देता येत नाही. वारस किंवा हक्क सांभाळणारी संस्था सोडून इतर कुणाच्या नावे केला तर तो करार त्या भागापुरता रद्द. हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच तयार मसुद्यात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वासाठी' हे शब्द हमखास सापडतात. स्टुडिओतल्या ताब्याबद्दल मात्र कायदा काही देत नाही; वर दिलेली सहा कलमं इथेही लिहूनच घ्यावी लागतात.

ऐकायला कुठून सुरुवात करू?

'हॅलो वॉल्स' आधी फॅरन यंगचं ऐका, मग नेल्सनने स्वतः १९६२ मध्ये लिबर्टी कंपनीसाठी गायलेलं. त्यानंतर लगेच 'ब्लू आइज क्राइंग इन द रेन' लावा, शक्यतो हेडफोनवर, आणि पहिल्या कडव्यात किती वाद्यं वाजतायत ते मोजा.